क्लिफचं जाकीट

वणव्यानंतर लिंडसे, माझा धाकटा भाऊ, पार कामातून गेला होता. त्या दिवशी आगीचा बंब तोच चालवत होता. त्याचा जिवलग दोस्त क्लिफ फाटक उघडायला उतरला, धुराचा लोट आला आणि लिंडसेनं बंब मागे घेतला. क्लिफ गेला, पण आतले बाकीचे वाचले. पण ते त्याला पटवणार कोण? तेव्हापासून क्लिफच्या अंगणातलं गवत हा कापायचा, क्लिफच्याच कपातून चहा प्यायचा. परवा मला म्हणाला, माझी गुरं तू सांभाळ. हा जिवाचं काही बरंवाईट करणार, हे मी ओळखलं.

आमच्या गावच्या हॉलमध्ये ब्रॉनी नावाची बाई नाटकातून मनावर इलाज करते. मला ती सगळी थेरं वाटायची. पण बुडत्याला काडीचा आधार. मी त्याला ओढतच नेलं.

ब्रॉनीचे नियम साधे. मेलेल्या माणसाचं सोंग घेणाऱ्यानं गळ्यात रंगीत फडकं बांधायचं, त्याची खरी वस्तू आणायची नाही. खेळ संपला की फडकं काढून स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. लिंडसेनं पिशवीतून क्लिफचं बंबातच राहिलेलं पिवळं जाकीट काढलं आणि ब्रॉनी नको म्हणेपर्यंत माझ्या अंगावर चढवलंसुद्धा. त्याला अजून धुराचा वास येत होता.

"मी भोंगा वाजवला होता," तो मला म्हणाला. "ऐकलास?"

ऐकला रे बाळा, असं अगदी जिभेवर आलं होतं. ब्रॉनीनं हात वर केला. उत्तर त्यानंच द्यायचं होतं. आम्ही जागा बदलल्या. जाकीट त्याच्या अंगात गेलं, मी लिंडसे झाले आणि तोच प्रश्न विचारला.

त्यानं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"ऐकला," तो म्हणाला. "हात हलवून मीच जा म्हटलं. तू पाहिलंस, लिंडसे."

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता जाकीट काढून नाव सांग, असं ब्रॉनी म्हणाली. तो काढेना. चेन मुठीत आवळून बसला. तिनं पुन्हा सांगितलं, तरी नाही. हा असाच क्लिफ होऊन उठून गेला तर?

"काढ ते, मेल्या," मी ओरडले आणि जीभ चावली.

तो फिसकन हसला. कितीतरी महिन्यांनी. मग सावकाश जाकीट काढून त्यानं खुर्चीवर ठेवलं.

"लिंडसे," तो म्हणाला. "मी लिंडसे." मग माझ्याकडे वळला. "आता तुझं सांग. का माझंच नाव घेऊन घरी जाणार आहेस?"

मी तोंड उघडलं, पण आधी हुंदकाच आला.

"नोरीन," मी म्हणाले. "तुझी बहीण."