तीन भाज्या कमी

आमच्या तळ्याचे फोटो काढणाऱ्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. कोलकात्यात बेहाल्याच्या आमच्या बाजूची कितीतरी तळी डोळ्यांदेखत गेली. भरल्या तळ्यावर बांधायला कायदा आडवा येतो, म्हणून लोक ते आधी मरू देतात. मग तिथं चार मजली इमारत उभी राहते आणि तिचं नाव ठेवतात ‘सरोवर’. आमचं तळं माझ्या सासऱ्यांनी खोदून घेतलेलं. मी जिवंत असेतो ते बुजू द्यायचं नाही, एवढाच माझा हट्ट.

ती पोरगी चैत्रात आली. गळ्यात कॅमेरा, पायात रबरी बूट. मी पायरीवर भांडी घासत होते.

“काय शोधतेस?”

“इथं आपोआप काय काय उगवतं, कोण कोण राहतं, ते टिपतेय, माशीमा. वर्षभर येईन, प्रत्येक ऋतूत.” आल्या आल्या मला मावशी करून टाकलं.

“पगार कोण देतं?”

“कुणीच नाही.”

फुकट चिखल तुडवणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. पाणी कुठंतरी मुरत होतं. नाव विचारलं तर म्हणे तितिर.

“पाखराचं नाव घेऊन पाखरं मोजायला आलीस होय?”

ती हसली. हसऱ्या माणसांवर तर माझा मुळीच विश्वास नाही.

माझा मुलगा बुबाई म्हणाला, “बिल्डरचीच असणार, मा. तू लक्ष ठेव तिच्यावर.” बुबाईचा विटा-वाळूचा धंदा, जुनी घरं पाडायची कामंही घेतो. बिल्डर लोक त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी लक्ष ठेवलं.

श्रावणात ती पालथी पडून बेडकांचे फोटो काढत होती. पाणकोंबडीची पिल्लं दिसली तर पुटपुटली, घोरपड दिसली तर खूश झाली. मी खिडकीच्या पडद्याआडून सगळं पाहत होते. चहाला बोलावलं नाही. दुर्गापूजा झाल्यावर आली ती भलतंच विचारायला लागली.

“माशीमा, पूर्वेच्या काठावर कोण येतं?”

“तुला काय करायचंय?” तो काठ माझ्या खिडकीतून दिसत नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा. ठरवलं, हिची परीक्षा घ्यायची.

कालीपूजेच्या आदल्या दिवशी आम्ही चौदा पालेभाज्या एकत्र करून खातो, चौदा पिढ्यांच्या नावानं. एकही कमी झाली तर त्या रात्री सुटलेली भुतं घरात शिरतात म्हणे. बाजारात चिरलेली मिळते, पण तिच्यात काय काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. मी दरवर्षी सगळ्या तळ्याकाठच्याच खुडल्या. यंदा गुडघ्यांनी संप केला होता. सकाळी ती आली तशी टोपली तिच्या हातात दिली.

“खरी झाडपाल्याची असशील तर चौदा आण.”

बिल्डरच्या माणसाला गवत आणि भाजी यातला फरक कळत नाही. दुपारी ती गुडघाभर चिखल घेऊन परतली. सुपात एकेक भाजी वेगळी मांडली, नावं सांगितली. एकही चुकली नाही. पण होत्या अकरा.

“बाकीच्या?”

“शुशनी, हेलंचा आणि कुलेखाडा. नाहीत, माशीमा. चैत्रात होत्या, पूर्वेला.”

तिनं फोटो दाखवले. तोच काठ, तेच वाकडं खजुराचं झाड. चैत्रात हिरवागार, श्रावणात निम्मा, आणि आता नुसती जलपर्णी.

“हिच्याखाली पाणी नाहीये. काठी घालून पाहिली तर हे लागलं.”

तिनं खिशातून एक तुकडा काढून सुपात ठेवला. लाल सिमेंटची जमीन, काळी किनार. नवी नवरी असताना या जमिनीवर बसून मी पत्ते खेळले होते. शेजारच्या घोषांचं घर. वैशाखात ते बुबाईनं पाडलं. राडारोडा कुठं टाकतोस विचारलं तर म्हणाला होता, “लांब, मा.”

रागापेक्षा लाज जास्त वाटली. तिच्यावर नजर ठेवायला मला याच पोरानं बसवलं होतं.

“तुला कधीपासून माहीत?” मी विचारलं.

“माहीत नव्हतं. संशय होता.” ती घुटमळली. “खरं सांगू? तुमच्यावरच होता. तुम्ही सारख्या पडद्याआडून बघत होता ना.”

मी उठून चहाचं आधण ठेवलं.

बुबाई जेवायला आला. परक्या पोरीला स्वयंपाकघरात चहा पिताना पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. मी भात वाढला, भाजी वाढली.

“एवढीशी?”

“अकराच मिळाल्या.”

“मग बाजारातून आणायची की, मा.”

मी तो लाल तुकडा त्याच्या भाताशेजारी ठेवला. “उरलेल्या तीन याच्याखाली आहेत. तूच घातल्यास, तूच काढ. माणसं लाव, गाडी लाव, पण काठ मोकळा कर. या ताटात चौदा पडेपर्यंत तुला या घरात जेवण नाही.”

मी ताट उचललं. तो मान वर करेना. हात तसाच भातानं माखलेला.

मी तितिरकडे वळले. “कॅमेरा काढ गं. इथं कोण कोण राहतं ते टिपतेस ना? हाही इथलाच.”