न्हाय म्हणायचं

डॉक्टरबाईंनी अक्षराच्या उजव्या घोट्यावर अंगठा दाबला.

"दुखतंय?"

अक्षराने आधी वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली,

"न्हाय."

पायाची बोटं मात्र आकसून आत वळली.

यशपाल सर निपाणीच्या एका हायस्कुलात खेळाचे शिक्षक. दुसऱ्याचं पोर जरा लंगडलं की त्याला आठवडाभर मैदानात पाऊल टाकू देत नसत. घरात मात्र दिव्याखाली अंधार. खो-खो खेळणारी तेरा वर्षांची पोरगी दिवाळीपासून घोटा धरून बसायची आणि हे म्हणायचे, "नाटकं पुरे." धारवाडच्या निवड चाचणीआधी तर त्यांनी तिला पढवलंच होतं. तिथं पाय दाबून बघतात, कितीबी कळ आली तरी माझ्याकडं बघायचं आणि न्हाय म्हणायचं. राज्य संघात तिचं नाव आलं, तेव्हा सरांनी अख्ख्या शाळेला कुंदा वाटला होता.

"घोट्याच्या आत कूर्चेखालचा हाडाचा तुकडा सैल झालाय," डॉक्टरबाई एमआरआयची फिल्म बघत म्हणाल्या. "वाढीचं वय आहे. नुकतं लागलं असेल तर प्लास्टर घालून वाट बघू, भरून येईल. जुनं असेल तर मात्र ऑपरेशनचा विचार करावा लागेल. कधीपासून दुखतंय?"

"परवाच पडलो," अक्षरा चटकन बोलली. "त्याच्या आधी कधीच न्हाय."

पोरगी आपल्याला सांभाळून घेतेय हे कळलं आणि सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोटं बोलतीया ती," ते कसेबसे म्हणाले. "दिवाळीपासनं दुखतंय. असं बोलायला मीच शिकवलंय."

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती तारीख लिहून घेतली आणि पुन्हा घोटा हातात घेतला.

"मला नेमकी जागा कळायला हवी, बाळ. इथं दुखतंय?"

अक्षराची नजर परत वडिलांकडे गेली. सांग, म्हणून त्यांनी मान हलवली. पण तिचा त्या मानेवर विश्वास बसेना.

यशपाल सर खुर्चीवरून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शाळेत चुकलेल्या पोरांना ते असंच उभं करत.

डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, "इथं दुखतंय?"

"लई दुखतंय," पाठीमागून अक्षरा म्हणाली, आणि मोठ्यानं रडू लागली.