धूर काळाच पाहिजे म्हणे

मी घाटातलं जुनं इंजिन. बोलतोय म्हणजे धापा टाकतोय, तेवढं चालवून घ्या.

कारखान्यात मला ठोकून ठोकून जन्माला घातलं, तेव्हा मी देखणा होतो. पन्नास वर्षं लाकूड आणि माणसं डोंगरापलीकडे ओढली. मग डिझेलवाली आली आणि माझी रवानगी शेडमागे झाली. तिथे कोंबड्यांनी माझ्या भट्टीत अंडी घातली. तक्रार नाही. आत कुणीतरी होतं.

आता मला फोटोसाठी बाहेर काढतात. तीसेक माणसं माझ्या गाडीचं तिकीट काढतात आणि ऐन चढावर खाली उतरतात. झुडपांत शिरतात, फोटोत डोकं आलं म्हणून एकमेकांवर खेकसतात. मी गाडी घेऊन मागे जायचं आणि धूर ओकत त्यांच्यासमोरून पुढे यायचं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. शिकलेल्या माणसांचा छंद आहे म्हणे.

त्यांना धूर काळा लागतो. खरं तर काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा, तो भट्टीत टाकणाऱ्या फायरमनची लाज. पण माझा फायरमन, दोघा भावांतला थोरला, यात वस्ताद. वळणाच्या तोंडाशी दोनच फावडी टाकायचा. कॅमेऱ्यांपुरता काळोख, की पुढे लख्ख जाळ. मला म्हणायचा, "म्हाताऱ्या, सोस थोडं, पाहुणे आहेत."

गेल्या महिन्यात तो गेला. साधा ताप, तिसऱ्या दिवशी खलास. लोक म्हणाले, देवाला चांगली माणसं लागतात. लागत असतील. पण देवाकडे बॉयलर आहे का? मग फायरमन कशाला नेला?

त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ आला, थोरल्याचाच डगला घालून. डगल्याच्या बाह्या बोटांपर्यंत लोंबत होत्या.

ड्रायव्हरकाका म्हणाले, "आज घाट चढवलास तर जागा तुझी. नाहीतर शेडमध्ये राख उपस."

"दादाची जागा दुसऱ्याला देऊन तर बघा," धाकटा म्हणाला. त्याला नमस्कार करतानासुद्धा भांडता येतं.

वळणावर फोटोवाल्यांचा म्होरक्या कर्ण्यातून ओरडला, "धूर काळा पाहिजे, एकदम काळा."

"काळा धूर म्हणजे फायरमन गाढव," काका म्हणाले.

"मग आजच्या दिवस गाढव द्या," म्होरक्या म्हणाला.

धाकट्याने ते मनावर घेतलं. दोन नाही, चार नाही, दहा फावडी एका दमात. थोरल्याचा राग, देवाचा राग, सगळा माझ्या तोंडात कोंबला. धूर असा निघाला की डोंगर दिसेना. फोटोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझा जाळ कोळशाखाली गुदमरला. वाफेचा काटा घसरला. शंभर पावलांवर मी चढात बसलो.

"झालं," काका म्हणाले आणि त्यांनी ब्रेक लावला.

धाकट्याने लांब सळईने भट्टी उकरली, कोळसा पसरला, वारा खेळवला. हात भाजले तरी थांबला नाही. जाळ लागला तेव्हा कुठे तो खाली उतरला, माझ्या चाकाला पाठ लावून बसला आणि रडायला लागला. महिनाभर रडला नव्हता. घरी सगळे त्यालाच म्हणत होते, आता तूच धीर दे.

तेवढ्यात फोटोवाले मागून धावत आले आणि म्होरक्या कुजबुजला, "काय चेहरा आहे. घ्या, घ्या." सगळे कॅमेरे त्याच्याकडे वळले.

माझा काटा वर चढतच होता. मी सेफ्टी व्हॉल्व्ह उडवला. माझ्यासकट धाकटा पांढऱ्या वाफेत गडप झाला. फोटोवाल्यांनी मला आईवरून शिव्या घातल्या. माझी आई कारखान्यातली भट्टी, तिला काय फरक पडतो?

वाफ विरली तेव्हा तो वर चढून फावडं धरून उभा होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "दादा किती टाकायचा?"

"दोन."

"मग टाक."

आम्ही माथ्यावर पोचलो. घाट पार झाला, जागा त्याची झाली.

माझ्या नळ्या आता गळतात, फार वर्षं राहिलेली नाहीत. एकच मागणं आहे. तुमच्या कुणाकडे त्या दिवसाचे फोटो असतील, नुसत्या वाफेचे, तर फेकू नका. त्यात एक भाऊ बसलेला आहे. त्याला बसू द्या थोडा वेळ.