ओढ्याकडची खुंटी

जमिनीची पातळी मोजायच्या पाण्याच्या नळीतला बुडबुडा काही केल्या हलेना. रामहरींनी टिचकी मारली – एकदा, दोनदा – तेव्हा तो सुटला, दोन्ही टोकांचे पाणी स्थिरावले. आकडा मात्र तोच. ओढ्याकडच्या खुंटीजवळची जमीन पाणथळ कोपऱ्यापेक्षा चार इंच उंच. तिसऱ्यांदा तेच. म्हणजे त्यांच्या मुलाने, इंद्रजितने, मोबाइलवर बघून आखलेला निचऱ्याचा पाइप पाणी बाहेर नेणारच नव्हता. खुंटी साठ पावले खाली सरकवली की काम होत होते – एवढे साधे, आणि एवढेही याला दिसू नये!

कालव्याच्या पाझराने उसाची मुळे कुजली, त्या वर्षी त्यांनी या कोपऱ्यात निर्गुडीच्या काड्या लावल्या... पाच-पाच फुटांवर, दोरी धरून. आठ वर्षे झाली. आता जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्या घोंगावतात, शिंपी पक्षी पाने शिवतो, मुंगसाची जोडी येते – अर्थात तुरे उरले तर! कारण त्यांची बायको कौसल्या गुडघे शेकायला नेमके कोवळे शेंडेच मोडते, खालची पाने घे म्हटले तर म्हणते, "खाली वाकता आलं असतं तर पाला कशाला लागला असता?"

"तात्या, किती वेळा मोजताय?" बांधावरून इंद्रजित ओरडला. "उद्या सकाळी चर खणायला मशीन येतंय. कोपरा सुकला की हे झुडूप काढायचं अन् ऊस लावायचा."

"सुकला की," रामहरी म्हणाले.

"नाय सुकला तर ऱ्हाऊ द्या तुमची निर्गुडी. मग तर झालं?"

वालचंदनगरच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षे त्यांनी दुसऱ्याची चुकीची रेघ मुकाट्याने पुढे जाऊ दिली नव्हती, साहेबांचीसुद्धा. चूक दिसली की बोटे शिवशिवत – जेवण गोड लागत नसे.

"बरोबर हाय ना उतार? तुमी बघितलंय म्हणून इचारतोय."

मुलगा त्यांना विचारत होता. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. नेमका आज, नेमके हेच... रामहरी चिडून खुंटीकडे पाहत राहिले. ती उपटायला दोन बोटे पुरली असती. पण हात जागचा हलला नाही, बोटेही शिवशिवली नाहीत. चूक समोर होती, आणि आत सगळे शांत होते – याचीच त्यांना भयंकर चीड आली.