गुरुवारचं स्टूल

मी इंग्रजी विभागातलं स्टूल बोलतोय. तसं बोलणं हे माझ्यावर बसणाऱ्यांचं काम. मी आजवर ऐकतच आलो. पण ऐकून ऐकून लाकूडही भरून येतं, आणि मग आपणही थोडं सांगावं असं वाटतं.

माझा जन्म लाकूड कोरणाऱ्यांच्या आहविया गावातला. तिथल्या कारागिराने मला अख्ख्या ओंडक्यातून कोरलं. अंगात खिळा नाही, सांधा नाही. बैठक मधे खोलगट आणि दोन्ही कडा वर उचललेल्या, बसणाऱ्याला ओंजळीत घेतल्यासारख्या. प्रोफेसर अराबा एसुमन यांनी मला विकत घेतलं आणि बसमधून किनाऱ्यावरच्या आमच्या विद्यापीठात आणलं. बसमध्ये जागा नव्हती. ज्याच्यावर लोकांनी बसायचं, तो मी त्यांच्या मांडीवर बसून आलो.

विभागात तेव्हा सगळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. डॉक्टर टर्कसन नुकतेच नोकरीला लागले होते. मला बघून ते म्हणाले, "मॅडम, इंग्रजी शिकवायला पुस्तकं हवीत. तुम्ही ओंडका आणलात."

"पुस्तकं कपाटात गप्प बसतात, टर्कसन," अराबा म्हणाल्या. "याच्यावर बसणाऱ्याला तोंड उघडावं लागेल. आज तुम्हीच बसा."

तिथून गुरुवारची प्रथा सुरू झाली. दुपारचे तास संपले की कडुनिंबाखाली खुर्च्यांचं कोंडाळं व्हायचं आणि मधे मी. वाचणाऱ्याला आधी पाणी द्यायचं. ते पिऊन झालं की अराबा विचारायच्या, "काय घेऊन आलात?" आमच्याकडे घरी आलेल्या पाहुण्याला असंच विचारतात. अराबांच्या मते कविताही पाहुणीच. मग ती इंग्रजी असो की आमच्या किनाऱ्यावरच्या फांटे भाषेतून इंग्रजीत आणलेली, तिला पाणी विचारल्याशिवाय बोलायला लावायचं नाही.

त्या कोंडाळ्यात मी काय काय ऐकलं! मुलं कोळीवाड्यात जाऊन म्हाताऱ्यांच्या गोष्टी लिहून आणत आणि त्यांचं इंग्रजी करताना भांडत. वार्षिक नाटकात मी एकदा सिंहासन झालो, एकदा खडक, आणि एकदा तर बोकड; त्या वर्षी लोक सगळ्यात जास्त मलाच हसले. परिसंवादाला बाहेरगावचे विद्वान येत. "दोनच मिनिटं घेतो," म्हणणारा माणूस जोलोफ भात थंड होईपर्यंत उठत नाही, हे मी तिथे शिकलो. पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या टाचा मला घट्ट धरून बसतात आणि दुसऱ्या पानावर सैल पडतात, हेही.

सगळे उठले की अराबा मला आडवं करून भिंतीला टेकवायच्या. रिकामं स्टूल उभं ठेवलं, तर वाटेनं जाणारा एखादा आत्मा येऊन बसतो, असं आमच्याकडे मानतात. इतकं इंग्रजी शिकवूनही त्यांनी हे एकदाही चुकवलं नाही.

मग एका गुरुवारी त्या आल्या नाहीत. मान्सा नावाची दुसऱ्या वर्षातली मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा वाचणार होती. कागद हातात धरून ती झाडाखाली थांबून राहिली. निरोप आला तो दवाखान्यातून.

आदल्या आठवड्यात अराबांनी आडवं केलं होतं, तसाच मी राहिलो. मला उभं करायला कुणाचा हात धजेना. मुलांनी खुर्ची मांडून पाहिली. पण शेजारी मी असा पडलेला, वाचणारा पहिल्याच पानावर उठून जाई. हळूहळू गुरुवार बंद पडले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा विभागप्रमुख झालेल्या टर्कसनसरांनी ठरवलं की माझा मान राखायचा. आमच्याकडे मोठा राजा गेला की त्याचं स्टूल काजळीने काळं करून जपून ठेवतात, त्यावर पुन्हा कुणी बसत नाही. तसंच मला काळं करून काचेच्या कपाटात ठेवायचं. त्यांच्या मनात नुसतं प्रेम होतं, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. काळा झालो असतो, तर गुरुवार कायमचाच गेला असता.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सगळे जमले. अराबांचे यजमान पापा एबो आले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. वर्षभराचे सुतकाचे काळे कपडे उतरवून पांढऱ्या कपड्यांत आले होते. काजळीचा डबा बघून त्यांनी विचारलं, "हे काय, टर्कसन?"

"मॅडमचं स्टूल काळं करायचंय, पापा. मग कुणी हात लावणार नाही."

"वर्षभरात कुणी बसलं याच्यावर?"

"छे, पापा. कुणाची छाती होणार?"

पापा एबो माझ्याजवळ आले. मग म्हणाले, "म्हणजे वर्षभर तुम्ही तिला आडवं पाडून ठेवलंत. अरे, ती घरी दुपारची अर्धा ताससुद्धा आडवी व्हायची नाही."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, आणि टर्कसनसर हसता हसता चष्मा पुसू लागले.

"ती राणी नव्हती, बाबा," पापा एबो हळू आवाजात म्हणाले. "मास्तरीण होती. आम्हा मास्तरांची बाकं झिजतात. झिजू दे."

त्यांनी वाकून मला उचललं. मदतीला आलेल्यांना त्यांनी मानेनंच नको म्हटलं. कडुनिंबाखाली मला उभं केलं, पेला भरून घेतला आणि विचारलं, ती आली नाही त्या गुरुवारी कोण वाचणार होतं. सगळ्यांनी मान्साकडे पाहिलं. टर्कसनसरांनी काजळीचा डबा झाकणाने बंद केला आणि तिला वाट करून दिली.

ती बसली. तिच्या टाचा मला घट्ट धरून होत्या. पाणी पिऊन झाल्यावर पापा एबोंनी विचारलं, "सांग पोरी, काय घेऊन आलीस?"

मासे धुरी देऊन वाळवणाऱ्या आपल्या आईवर तिने लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर तिच्या टाचा सैल पडल्या. वर्षभरानंतर माझ्यावर पुन्हा माणसाचा भार होता, आणि तो मला इतका हवासा वाटेल हे मलाच ठाऊक नव्हतं.

आता माझ्या कडा गुळगुळीत झाल्यात, एका बाजूला बारीक चीरही गेली आहे. तक्रार नाही. एका ओंडक्याच्या वाट्याला याहून जास्त काय यावं? जंगलात असतो तर पाऊस आणि पाखरं ऐकली असती. इथे माणसं ऐकली. मी अराबांचा ऋणी आहे, आणि त्या पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्याचाही.

पापा एबो दर गुरुवारी येतात, मागच्या रांगेत बसतात. मला आडवं करण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. पण सगळे गेल्यावर ते मला लगेच आडवं करत नाहीत. रिकामा, उभा, तसाच थोडा वेळ राहू देतात, आणि समोरची खुर्ची ओढून बसतात. माझ्याशेजारी पाण्याचा पेला भरून ठेवलेला असतो.

तेव्हा तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. झाडाखाली कधी असं दिसलं, तर खुर्च्या गोळा करायची घाई करू नका.