शिडावर पाहिलेला सामना

मित्रांनो, खारबंदरच्या किनाऱ्यावर धोंडू तांडेलांच्या मांगरात घडी घालून ठेवलेले मी एक जुने शीड आहे. मांगर म्हणजे होडी आणि जाळी ठेवण्याची, नारळाच्या विणलेल्या झापांनी शाकारलेली खोप. आता मला कोणी समुद्रावर नेत नाही. पण माझ्या अंगावर एकदा असे काही दिसले, की त्यामुळे एका माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते तुम्हाला सांगावे म्हणून बोलते आहे असे समजा.

माझा जन्म एकोणीसशे एक्कावन्न सालचा. जाड सुती कापडाचे पट्टे धोंडूंनी आणि त्यांच्या वडिलांनी मेण लावलेल्या दोऱ्याने एकमेकांना जोडले. या कामाला अठरा दिवस लागले. धोंडूंच्या आईने, राधाबाईंनी, मला हळदकुंकू लावले, नारळ वाढवला आणि मी डोलकाठीवर चढले. पहिल्यांदा वारा भरला तेव्हा माझी सगळी शिवण करकरली. मी घाबरले होते, पण फाटले नाही.

आठवड्याचे सहा दिवस मी मासेमारीला जात असे. रविवारी मात्र होडीत जाळी नसत, फुटबॉल खेळणारे तरुण असत. आमच्या गावाचा एक क्लब होता. त्यात चर्चच्या वाडीतले होते तसे देवळाच्या वाडीतलेही होते. त्यांना खेळ शिकवत मॅन्युएल मास्तर. शाळेत ते गणित शिकवत आणि संध्याकाळी मैदानावर चेंडू. उंच, किडकिडीत, अंगात बाराही महिने एकच काळा कोट.

तेव्हा रस्ते धड नव्हते. सामन्याला जायचे तर समुद्रानेच. एकदा रेडीला सामना होता. वाटेत वारा पडला. सगळे हवालदिल झाले. मग अचानक उत्तरेचा वारा आला आणि मी पोट फुगवून अशी धावले, की सामना सुरू व्हायच्या आत होडी वाळूला लागली. त्या दिवशी आमचा क्लब जिंकला. परतताना मास्तरांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आज शिडान लाज राखल्यान रे!"

त्याच्यापेक्षा मोठी शाबासकी मला आयुष्यात मिळाली नाही.

साठ साली धोंडूंनी होडीला इंजिन बसवले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. इंजिन वाऱ्याची वाट पाहत नाही. पण मला त्यांनी ओलेच गुंडाळले आणि मांगराच्या कोपऱ्यात टाकले. मला बुरशी धरली. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. क्लबचेही तसेच झाले. खेळणारे एकेक करून मुंबईला गेले, कोणी गिरणीत, कोणी बोटीवर. अकरा माणसे जमवताना मास्तरांच्या नाकी नऊ येऊ लागले. तीन वर्षांत क्लबने एकही सामना जिंकला नाही.

आमचा मांगर मैदानाला लागूनच आहे. त्यामुळे कोपऱ्यात पडल्या पडल्या मला सगळे ऐकू येई. बासष्ट सालच्या नोव्हेंबरात गोव्याचा एक संघ आमच्याकडे खेळायला आला. गोवा नुकताच मोकळा झाला होता, म्हणून तिकडचा संघ येणे ही गावाला अपूर्वाई होती. शिवाय मुंबईहून श्रीपाद नावाचे एक गृहस्थ कॅमेरा घेऊन आले होते. किनाऱ्यावरच्या गावांतल्या फुटबॉलवर त्यांना माहितीपट करायचा होता. आठ दिवस ते धोंडूंच्याच घरी राहिले. गावाने आरशात बघून भांग पाडले.

आणि त्या सामन्यात आमचा क्लब सात गोलांनी हरला.

गोलकीपर होता गुरुदास. पोस्टात कामाला, घरोघरी पत्रे वाटणारा, अबोल माणूस. चौथा गोल झाला तेव्हा बाहेर शिव्यांचा भडिमार झाला. मग पावलांचे आवाज दूर गेले. लोक उठून घरी चालले होते. सर्वांत मोठा आवाज धोंडूंचा होता. शेवटची शिटी झाल्यावर गुरुदास मांगरात आला, बूट काढले, ते हातात घेऊन मागच्या वाटेने निघून गेला. तोंड दाखवायला नको म्हणून तो तसाच बहिणीकडे धामापूरला गेला. श्रीपाद संध्याकाळच्या गाडीने मुंबईला परतले.

मास्तरांनी त्याच संध्याकाळी अंथरूण धरले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

गुरुदास धावत आला तो थेट मातीलाच. तिथून परत येताना चार माणसे मांगरापाशी थांबली. त्यांच्यात धोंडू होते. गुरुदास मागून येतो आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. धोंडू म्हणाले, "सात गोल खाल्ल्यान आनि मास्तरांचो जीव घेतल्यान."

गुरुदासने ते ऐकले. मित्रांनो, मी वादळे पाहिली आहेत, पण एका वाक्याने उभा माणूस असा खचलेला मी पाहिला नव्हता.

त्यानंतर त्याने चेंडूला हात लावला नाही. मास्तरांच्या पत्नी इनासियाबाई यांना मुंबईच्या मुलाची पत्रे येत. ती तो त्यांच्या दारात नेईना. शेजारच्या वेरोनिकाकडे देई आणि मान खाली घालून सायकल पुढे काढी. गोलकीपर नाही, शिकवणारा नाही. वर्ष सरता सरता ठरले, की आता क्लब बंद करावा.

अशात त्रेसष्टच्या डिसेंबरात श्रीपादांचे पत्र आले: माहितीपट तयार आहे, तो सर्वांत आधी खारबंदरला दाखवणार.

गावात आनंद होण्याऐवजी धास्ती पसरली. मांगराच्या दाराशी रोज तोच विषय.

"मुंबयत लोक आमका हसतले."

"सात गोल! आपली फजिती आता पडद्यार बघूची?"

"तुळसाचो जावई मुंबयत आसा. तो काय तोंड दाखयतलो?"

शेवटी असे ठरले, की माहितीपट बघायचा आणि लगेच त्याच जागी सभा भरवून क्लबला टाळे लावायचे.

श्रीपाद जीपमधून आले. बरोबर प्रोजेक्टर होता आणि वीज तयार करणारे यंत्र होते. पण खाडी उतरताना त्यांचा पडदा पाण्यात पडून चिखलाने माखला होता. तेव्हा धोंडूंना माझी आठवण झाली. तीन वर्षांनी मला कोणी उलगडले. वाडीतल्या बायकांनी मला गोड्या पाण्यात दोनदा धुतले, उन्हात वाळवले. कुरतडलेल्या कोपऱ्याला काशीबाईंनी ठिगळ लावले. मग मांगरातली होडी बाहेर काढून मला आढ्याला बांधले. माझे तोंड प्रोजेक्टरकडे आणि माणसांकडे होते.

दिवेलागणीला मांगर भरला. पुढे पोरेटोरे, मग बायका, मागे पुरुष. काळ्या साडीतल्या इनासियाबाई वेरोनिकाच्या शेजारी येऊन बसल्या. श्रीपादांना मास्तरांची बातमी त्या दिवशीच कळली होती. ते बाईंपाशी वाकून म्हणाले, "यात मास्तर आहेत. तुम्हाला त्रास होणार असेल तर तेवढा भाग मी गाळतो."

"गाळू नकात," बाई म्हणाल्या. "माका तेंका बघूचा आसा."

गुरुदास आत आला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. नको असलेले पाहायचेच असेल तर माणूस जसा उभा राहतो तसा.

चित्र माझ्याच अंगावर पडत होते, म्हणून मला ते दिसत नव्हते. मला दिसत होते ते लोकांचे चेहरे. आवाज श्रीपादांचा होता, ते माहिती सांगत होते. पहिल्यांदा माणसे आखडून बसली होती. मग मैदान सारवणाऱ्या बायका दिसल्या असाव्यात, कारण काशीबाई ओरडल्या, "गो, ह्या माझा शेण!" मांगर हसला. झावळ्यांच्या आडोशात बनियन बदलणारा संघ, फाटक्या चेंडूला टाके घालणारा चांभार, असे एकेक येत गेले. श्रीपादांचा आवाज कुठेही हसत नव्हता. लोकांची आखडलेली अंगे हळूहळू सैल झाली.

मग सामना सुरू झाला. पहिला गोल. दुसरा. माणसे पडद्याला डोळे लावून होती. चौथ्या गोलानंतर मात्र माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

"आमी खंय आसंव रे?" एकाने विचारले. "कडेक कोणच दिसना नाय."

"आमी घराक गेलंव ना," दुसरा हळूच म्हणाला.

पडद्यावर मैदानाची कड रिकामी होती. तिथे एकटे मास्तर उभे होते. इनासियाबाईंनी तोंडावर पदर धरला. श्रीपादांचा आवाज म्हणाला, "सारे गाव निघून गेले, पण हे शिक्षक हलले नाहीत. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. गोलकीपरने चेंडू अडवला, की ते वाळूतली एक शिंपली उचलून कोटाच्या खिशात टाकत. सामना संपल्यावर त्यांनी मला ओंजळ उघडून दाखवली. एकोणीस शिंपल्या होत्या. ते हसत म्हणाले, 'सात सगळ्यांनी मोजले, हे एकोणीस कोणी मोजले? एवढे चेंडू मी माझ्या उमेदीत अडवले नसते. त्याला हे उद्या सांगायचे आहे.'"

तो उद्या आलाच नव्हता. मास्तर अंथरुणावर होते आणि गुरुदास धामापूरला.

"परत दाखवा!" कोणीतरी ओरडले. मग सगळेच ओरडू लागले. श्रीपादांनी फीत मागे फिरवली. मास्तर पुन्हा हसले, पुन्हा ओंजळ उघडली. इनासियाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"हसतत!" त्या म्हणाल्या. "गो वेरोनिका, बघ, ते हसतत! तेंचो शेवटचो खेळ दुःखात गेलो म्हणान वरीसभर मी रडतंय. कोटाच्या खिशात माका शिंपल्यो गावल्यो, त्यो कित्याक होत्यो ता कळला नाय. अजून माझ्या पेटयेत आसत."

तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. प्रोजेक्टरच्या उजेडातून त्या सरळ चालत गेल्या. त्यांची सावली माझ्यावर पडली, पण कोणी "बसा" म्हणाले नाही.

"गुरुदासा, वरीसभर माझी पत्रां वेरोनिकाकडे कित्याक दिलंस? माझ्या दाराक का येवक नाय?"

गुरुदासचे ओठ हलले. "मावशे, माझ्यामुळे मास्तर..."

"तुझ्यामुळे? अरे झिला, तेंच्या काळजाक दोन वर्सां दुखणा होता. डाक्तरान माका सांगलेला. क्लब सोडूचो लागात म्हणान ते कोणाक सांगूक देयनत. तुझ्यामुळे म्हणान तुका कोणी सांगल्यान?"

 मग धोंडू तांडेल उभे राहिले. गावात ज्यांच्या आवाजाला सगळे वचकत, ते धोंडू अगदी हळू आवाजात बोलले.

"मी सांगलंय. चौथ्या गोलाक मी उठान गेलंय, आनि शेवट बघितल्यासारखा बोललंय. माका माफ कर, गुरुदासा."

 गुरुदास तिथेच उंबऱ्यावर खाली बसला आणि ढसाढसा रडला. इनासियाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खूप वेळ अडकलेली होडी भरतीने वाळूवरून सुटावी, तसे मला त्याच्याकडे बघून वाटले. मांगरातल्या पुष्कळ माणसांनी तेव्हा डोळे पुसले, आणि मग कोणाला तरी हसू आले, आणि मग सगळ्यांनाच.

सभा त्या दिवशी झाली नाही. टाळ्याची गोष्ट पुन्हा कोणी काढलीच नाही.

फेब्रुवारीत मसुरेच्या संघाशी सामना झाला. गुरुदास गोलात उभा होता. आमचा क्लब दोन विरुद्ध एक असा हरला. होय मित्रांनो, हरलाच! पण पुष्कळ दिवसांनी एक गोल तरी केला होता, आणि शेवटची शिटी वाजेपर्यंत मैदानाच्या कडेचा एकही माणूस जागचा हलला नाही. धोंडूंचा घसा चार दिवस बसला होता. पुढच्या वर्षी क्लबने दोन सामने जिंकले. ती फार मोठी कामगिरी नाही, पण गावाला तेवढी पुरली.

आता माझी शिवण विरली आहे. तरी दरवर्षी मला धुऊन, कडक वाळवून ठेवतात, ओले कधीच गुंडाळत नाहीत. तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल, तर तिला एवढी माया द्या. आणि माणसांना तर त्याहून जास्त द्या. कोणाची हार पाहायचीच असेल, तर शेवटपर्यंत थांबून पाहा. जो अर्ध्यातून उठून गेला, त्याने शेवट काय झाला हे सांगू नये.