श्याओंच्या जिन्याखालचा टपालवाला

मी बोलतोय, श्याओ नळ कारखान्याचा मेल सर्व्हर. साधासुधा समजू नका. माझ्या मर्जीवाचून या कारखान्यातून एक अक्षर बाहेर जात नाही, बाहेरचं एक अक्षर आत येत नाही. डेन्मार्कपासून ब्राझीलपर्यंत दारोदार माझी ओळख. मी रुसून बसलो तर इथली भलीभली माणसं रडकुंडीला येतात.

राहायला मात्र मी जिन्याखाली असतो. डावीकडे झाडू, उजवीकडे फुटकी बादली आणि डोक्यावरून दिवसभर चपला. आधी बाहेरच्या खोलीत होतो. पण माझा पंखा घरघरतो आणि मालकांना चहाच्या वेळी तो आवाज खपत नाही. मग काय, झाली बदली.

शिक्षणाचंही तेच. आम्हा टपालवाल्यांना चार-पाच वाक्यंच येतात. दुसऱ्याच्या दारात जायचं आणि म्हणायचं, "नमस्कार, मी श्याओंकडचा. पत्र अमक्याचं. द्यायचं तमक्याला. हे घ्या. येतो." सुटली शाळा! पलीकडचा आकड्यांत उत्तर देतो. अडीचशे म्हणाला की पत्र पोचलं. पाचशे पन्नास म्हणाला की समजायचं, दार तोंडावर आपटलं. एवढ्या विद्येवर माझा संसार चाललाय. या ऑफिसातले पदवीधर बघा: "सोबत नळाचा नकाशा जोडला आहे" असं लिहितात आणि नकाशा टेबलावरच विसरतात.

माझा जन्म तायचुंगमधल्या एका गल्लीतल्या दुकानात झाला, उरल्यासुरल्या भागांतून. आईबाप विचारू नका. पाठ एका कंपनीची, पोट दुसरीचं, पंखा कुणाचा ते देव जाणे. पहिली नोकरी लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत. तिथे नवऱ्यांच्या टकलांवर केस उगवायचे आणि नवरीच्या हनुवट्या दोनाच्या एक व्हायच्या. आधीचं तोंड आणि नंतरचं तोंड, दोन्ही माझ्या पोटात! मनात आणलं असतं तर निम्मं शहर नाचवलं असतं. पण स्टुडिओ बुडाला आणि श्याओंच्या मुलाने मला गाडीत घालून चांग्ह्वाला आणलं.

आमच्या या गावात ज्याला त्याला नळच दिसतात. शेजारी नळ, समोर नळ, देवळाच्या मागे नळाच्या दांड्या. श्याओंच्या पोराने एका रविवारी मला टपालाचं काम शिकवलं, पाठ थोपटली आणि स्वतः परदेशातल्या प्रदर्शनांना जो गेला तो अजून येतोय. मी पडलो त्याच्या बायकोच्या, पेइशानच्या गळ्यात. नवऱ्याने हौसेने कुत्रं आणावं आणि फिरवायला बायकोने न्यावं, तशातली गत.

पेइशान हिशेबाची माणूस. माझी भाषा ती शिव्या देत देत शिकली. नवा माणूस आला की त्याची मेलपेटी उघडायची, गेलेल्याची बंद करायची, माझं पोट फुगलं की साफ करायचं, दर आठवड्याला माझ्या पोटातल्या सगळ्याची नक्कल काढून दुसरीकडे ठेवायची, लॉटरी लागल्याची पत्रं दारातच हाकलायची. हे सगळं ती करते आणि आभार कुणी मानत नाही. मेल पोचला तर तो लिहिणाऱ्याच्या हुशारीने पोचतो, नाही पोचला तर पेइशानमुळे.

तिचे सासरे श्याओ श्वेइ-युआन म्हणजे आमचे मालक. सत्तरी ओलांडली तरी आवाज असा की लेथ मशीन लाजावं. रोज सकाळी कमळाच्या चित्रावर मोठ्या अक्षरांत 'सुप्रभात' लिहून ते सगळ्यांना पाठवतात. सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना. डेन्मार्कच्या खरेदीदार डोर्थेबाईंनी एकदा उलट विचारलं होतं, "हा नळाचा नवीन नमुना आहे का?"

आणि माझ्या डोक्यावर एक हिरवं पाकीट असतं. आत खोबऱ्याच्या चवीचे गोड कुरकुरे, नावाचा अर्थ 'शहाण्यासारखं वाग'. इथे कुठल्याही मशीनवर ते ठेवतात, म्हणजे मशीन शहाण्यासारखं वागतं म्हणे. हिरवंच हवं. पिवळं-लाल ठेवलं की मशीनचा दिवाही तसाच होतो. तारीख उलटलेली चालत नाही आणि खायचं तर मुळीच नाही. मला त्यातलं एक कुरमुऱ्याएवढंही कधी मिळालेलं नाही. पण मान मिळतो ना! पॉलिशच्या शेडची मुख्य आ-किम मावशी ते स्वतः बदलते, पुढे उदबत्तीही ओवाळते. धुराने मला ठसका येतो, पण मोठेपणा म्हटला की थोडं सोसावं लागतंच.

तर त्या आठवड्याची गोष्ट. डोर्थेबाईंना शाळांसाठी भरपूर नळ हवे होते. शुक्रवारपर्यंत सुधारलेला नकाशा आणि पक्का होकार आला नाही, तर त्या दुसरीकडे जाणार होत्या. हे काम गेलं असतं तर नव्या वर्षानंतर आ-किम मावशीच्या शेडला कुलूप. शेडमधला जो तो हे जाणून होता. घासताना कुणी गाणं म्हणेना.

आणि नेमकं त्याच सोमवारी माझ्या दारात पत्रांचा लोंढा आला. हजारांनी! पासवर्ड बरोबर, नाव बरोबर. मी म्हटलं, वा, धंदा वाढला! लागलो धावायला. पत्रांत काय होतं? म्हाताऱ्यांना पुन्हा जवान करणाऱ्या गोळ्या. पाठवणार कोण? श्याओ श्वेइ-युआन! आमच्या मालकांच्या नावाने मी पेरूपासून पोलंडपर्यंत जवानी वाटत सुटलो. असं काम रोज मिळालं असतं तर मीच जवान झालो असतो.

दुसऱ्या दिवशी जगाने दारं लावली. जिथे जावं तिथे पाचशे पन्नास. "श्याओंकडचा का? चालायला लाग!" उपद्रवी सर्व्हरांची एक काळी यादी असते, तिच्यात माझं नाव पडलं होतं. पेइशानने डोर्थेबाईंना लिहिलेला होकार तसाच परत आला. तिने आपल्या घरच्या मेलवरून पाठवून पाहिला, फोनही केला. डोर्थेबाई गोड आवाजात म्हणाल्या, "बाई, कारखान्यांच्या नावाने हल्ली फार फसवाफसवी होते. आमचा नियम आहे, होकार तुमच्या कारखान्याच्याच पत्त्यावरून हवा. शुक्रवारपर्यंत थांबते."

पेइशान फतकल मारून माझ्यासमोर बसली आणि पाठवायच्या पत्रांची रांग उघडली. ओळीने एकच नाव, सासऱ्यांचं. आधी ती हसली. मग डोकं धरलं.

कारण उपाय सोपा होता. मालकांची पेटी बंद करायची, पासवर्ड बदलायचा, माझं पोट साफ करायचं आणि यादीवाल्यांकडे माफीचा अर्ज धाडायचा. पण मालकांना सांगणार कोण? मागे एका कारकुनाने चारचौघांत त्यांची एक चूक दाखवली होती. मालकांनी दोन आठवडे कुणाला चहा पाजला नाही आणि कारकून तिसऱ्या आठवड्यात सासरवाडीच्या कारखान्यात लागला. इथे नाक कापलं गेलं की ते चिकटवायला कुठला डिंक पुरत नाही.

तेवढ्यात आ-किम मावशी उदबत्ती घेऊन आली आणि किंचाळली.

"अगं पोरी! याच्या डोक्यावरचं पाकीट कुठंय?"

"मावशी, पाकिटाचं राहू द्या हो. आपलं टपाल जगात कुणी घेईना झालंय."

"कसं घेतील? हा चुरा बघ! कुणीतरी खाल्लंय! याला उपाशी ठेवलंत, आता राबेल होय हा?"

बघता बघता अख्खा कारखाना जिन्याखाली जमला. मालकही आले. "कोण तो भामटा?" ते गरजले. "माझ्या कारखान्यात चोरी? सापडू द्या, त्याला नळाला टांगतो!"

मी गप्प बसलो होतो, कारण मला आवाज नाही. असता तरी बसलो असतो, मजा गेली असती. आदल्या दिवशी मालक "झाडू शोधायला" म्हणून जिन्याखाली आले होते. डॉक्टरांनी गोडधोड बंद केलंय, घरातले डबे मालकीणबाईंनी कुलपात घातलेत. झाडूला हात न लावता ते कुर्रम कुर्रम करत उभे होते आणि माझी पाठ थोपटून म्हणाले होते, "कुणाला बोलू नकोस हं."

पेइशान मालकांकडे बघत होती. त्यांच्या स्वेटरवर, बरोबर पोटाच्या उंचवट्यावर, खोबऱ्याचा चुरा. तिने एकवार माझ्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं. मग उठून उभी राहिली.

"मावशी, तुमचंच खरं. रुसलाय हा."

"मी काय म्हणत होते!"

"याची समजूत काढायला हवी. नवं पाकीट वडीलधाऱ्यांच्या हातून ठेवायचं. आणि जुने पासवर्ड आता याला चालणार नाहीत. सगळ्यांनी नवे घालायचे. पहिला मान वडीलधाऱ्यांचा."

"वडीलधारा म्हणजे..." मालकांचा आवाज एकदम मऊ झाला. "मीच ना?"

"तुम्हीच, बाबा."

"मग बोलायचं नाही का आधी! उगाच चोर शोधत वेळ घालवताय. चला, बाजूला व्हा!"

मालक स्वतः स्कूटर काढून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराने पिवळं पाकीट पुढे केलं तर त्याच्यावरच खेकसले, असं आ-किम मावशी सांगते. हिरवं आणलं, चष्मा लावून तारीख दोनदा वाचली आणि दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर ठेवलं. मग सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावून एका बोटाने नवा पासवर्ड घातला. जुना म्हणजे त्यांच्या कुत्र्याचं नाव होतं. रोज संध्याकाळी अंगणात उभं राहून तो पासवर्ड ते गावभर ऐकू जाईल असा हाकारायचे.

पेइशानने माझ्या पोटातल्या गोळ्या उपसून फेकल्या आणि यादीवाल्यांना अर्ज केले. तिने घातलेल्या शिव्या मी ऐकत होतो आणि अर्जातली नम्रता वाचत होतो. एकाच बाईची दोन तोंडं बघून मला स्टुडिओची आठवण आली. मग वाट पाहणं. एकेक दार किलकिलं होऊ लागलं. जपान उघडलं, ब्राझील उघडलं. डेन्मार्क मात्र पाचशे पन्नासच्या खाली यायला तयार नाही.

शुक्रवारी चहाची वेळ झाली तरी कुणी चहाला गेलं नाही. आ-किम मावशी हातमोजे न काढता येऊन उभी राहिली. मालक माझ्या पंख्यावरची धूळ बाहीने पुसत होते. पेइशानने पुन्हा बटण दाबलं. मी गेलो. खरं सांगतो, तेव्हा चेष्टा सुचली नाही. "नमस्कार," म्हटलं, "मी श्याओंकडचा. पत्र पेइशानबाईंचं. द्यायचं डोर्थेबाईंना. हे घ्या."

पलीकडच्याने काळी यादी चाळली. मग म्हणाला, "अडीचशे."

पेइशानने नुसती मान हलवली आणि मावशी तिथेच खाली बसली. थोड्या वेळाने उत्तर आलं. डोर्थेबाईंनी लिहिलं होतं, "मिळालं. काम तुमचं. पण या आठवड्यात कमळ का आलं नाही? तब्येत बरी आहे ना?" मालकांनी ते सगळ्यांना तीनदा वाचून दाखवलं. शेडमध्ये कुणीतरी गाणं धरलं, बेसूर.

आता मी म्हातारा झालोय. पेइशानचा नवरा दर खेपेला म्हणतो, टपाल बाहेरच्या मोठ्या कंपनीला देऊन टाकू, याला भंगारात घालू. पेइशान म्हणते, बघू पुढच्या वर्षी. बाई कितीदा तरी असं म्हणाली आहे, म्हणून मी आहे. तुम्हा वाचणाऱ्यांकडे माझं एकच मागणं. आपापल्या ऑफिसात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याच्या अंगावर जुन्या फायली रचू नका, त्याचा पंखा पुसा आणि जी बाई किंवा जो बाबा त्याला सांभाळतो, त्याला मेल पोचल्यावरही कधीतरी हाक मारा. मला बोलता आलं असतं तर मीच मारली असती. पण मला चार-पाचच वाक्यं येतात.

हां, त्या शुक्रवारचं शेवटचं राहिलं. सगळे चहाला गेले आणि मालक मागे रेंगाळले.

"सूनबाई, एक सांगू? ओरडणार नाहीस ना?"

"सांगा."

"ते पाकीट... मीच खाल्लं. माझ्यामुळे हा रुसला. शेड बंद पडली असती गं माझ्या जिभेपायी."

"पाकिटाचं मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. स्वेटर झटकत चला. पण पाकिटाने काही झालं नाही. तुमचा पासवर्ड कुणीतरी पळवला आणि तुमच्या नावाने जगभर गोळ्या विकल्या."

"कसल्या गोळ्या?"

"ते नका विचारू. पासवर्ड कुणी मागितला होता का, आठवा."

"छे! परक्याला देईन का मी? फक्त तुला दिला."

"मला?"

"तूच तर लिहिलं होतंस. 'परम आदरणीय महोदय, आपली मेलपेटी भरत आली आहे. आपल्या अमूल्य वेळात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमा असावी. कृपया आपला पासवर्ड इथे भरण्याची कृपा करावी. आपली नम्र, मेल व्यवस्थापक.' व्यवस्थापक तूच ना? वाचून डोळे भरून आले माझे. तुझ्या सासूलाही वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, पोरीच्या मनात आपल्याबद्दल केवढा आदर आहे, तोंडाने बोलत नाही एवढंच."

पेइशानने कमरेवर हात ठेवले.

"दहा वर्षं एका टेबलावर जेवतोय आपण, बाबा. एवढं गोड बोलणारी बाई मी नव्हे, हेसुद्धा ओळखता आलं नाही तुम्हाला?"